दगडावर कुणाचं नाव

खोपोली
मंगळवार, २१ फेब्रुवारी १९७८

पदूदादास जयाचा सलाम.

काय घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. शनिवार १८ आणि रविवार १९ फेब्रुवारी असे दोन दिवस आपल्या चर्चच्या मंडळीची यात्रा झाली. माणसं एकतीस. वाहन प्रासंगिक कराराची एस.टी. पुढारपण पाळक वाल्मिक साळवे यांचं. ते तू गेल्यावर, पंच्याहत्तर साली इथं आले.

२. यात्रा चर्च पाहण्यासाठी नव्हती. आपल्या वाडवडिलांना जिथं शिवू दिलं नाही, बसू दिलं नाही, पाणी भरू दिलं नाही, अशा तीन जागी जायचं, तिथं घडलेलं मोठ्यानं वाचायचं आणि प्रत्येकानं तिथलं एक ग्लास पाणी प्यायचं, असं ठरलं होतं.

३. शनिवारी महाडला चवदार तळ्यावर गेलो. प्रार्थना झाली. तळ्याचं पाणी मी पिऊ दिलं नाही. जवळच्या घरातून नळाचं आणलं.

४. रविवारी सकाळी कर्जत तालुक्यातल्या एका शाळेच्या ओट्यावर बसलो. आपल्या मंडळीतल्या इंदूबाईंचे वडील त्या ओट्यावर बसून चार इयत्ता शिकले. वर्गात बसायची परवानगी नव्हती.

५. दुपारी आपल्या गावी, विहिरीवर. तिथं आजोबा बुधाजी यांची साक्ष वाचायची होती: १९३१ साली बुधाजींनी या विहिरीचं पाणी काढलं, गावानं त्यांना दोरानं मारलं, त्यांनी मान खाली घातली नाही. ही साक्ष तू पंधरा वर्षांचा असताना मंडळीच्या स्मरणिकेत लिहिलीस. साक्षीच्या रविवारी दर वर्षी तीच वाचली जाते.

६. विहिरीच्या कठड्यात आजोबांच्या नावाचा दगड बसवायला सरपंच कोंडाजी यांनी संमती दिली आहे.

७. साक्ष वाचून होताच गावातल्या सोनुबाई म्हणाल्या, की विहिरीला हात लावणारा बुधाजी नव्हता. त्याची मुलगी जनी होती. वय दहा. आणि तिला मारणारा गाव नव्हता. बुधाजी होता.

८. जनीआत्या तिथंच बसली होती. तिनं नाकारलं नाही.

९. विहिरीचं पाणी कुणीही प्यायलं नाही.

मी कार्बन लावून लिहिते आहे. एक प्रत पाळकांकडे राहील. म्हणून तुला ठाऊक असलेलंही यात आलं आहे आणि पुढंही येईल.

तुझं पत्र येऊन चार वर्षं झाली. हे पत्र ते भांडण पुढं नेण्यासाठी नाही. एकच विचारायचं आहे. साक्ष लिहिलीस तेव्हा तुला हे माहीत होतं का?

जया

* * *

खोपोली
मंगळवार, २८ फेब्रुवारी १९७८

पदूदादास सलाम.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथंच मिळालं. तरी ते कसं मिळालं हे तुला कळायला हवं.

आधी विहिरीवरचं. मी आता रसायनीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासते, हे तुला कुणी कळवलं असेल किंवा नसेल. पाळकांनी एकतीस जणांना विहिरीचं पाणी पाजायचं ठरवलं, तेव्हा मी अट घातली, की आधी मी पावडर टाकणार आणि अर्धा तास थांबायचं. विहिरीचा व्यास ३.२ मीटर, पाणी २.१ मीटर, म्हणजे सुमारे सतरा हजार लिटर. ब्लीचिंग पावडर बेचाळीस ग्रॅम. ती बादलीत कालवून मी बादली आत सोडली आणि घड्याळ लावलं.

गावातली पंधरावीस माणसं बघायला जमली होती. कोंडाजी पंचावन्नच्या आसपासचे आहेत, पांढरी टोपी, दम्याचा त्रास. ते कठड्यावर हात ठेवून म्हणाले, "काय गं पोरी, आधी आमी तुमाला पिऊ देत नव्हतो, आता तुमीच पीत नाय व्हय?"

सगळे हसले. आपले लोक जास्त हसले.

मी म्हटलं, "अर्ध्या तासानं पिऊ. तुम्हीही तेव्हाच प्या. पावसाळ्यात तुमच्याकडे जुलाबाचे किती होतात?"

"व्हतात की. त्याचं काय एवढं."

"त्याचंच आहे," मी म्हटलं.

तो अर्धा तास मी मागितला नसता, तर साक्ष वाचून, पाणी पिऊन आम्ही पावणेचारला गाडीत बसलो असतो. पाळक म्हणाले, वाट बघायचीच आहे तर साक्ष आत्ताच वाचू. मी वाचली. तुझं अक्षर छापलेलं असलं तरी तुझं वाटतं. "मान खाली घातली नाही" या वाक्यापाशी इंदूबाई नेहमी डोळे पुसतात. त्यांनी पुसले.

तेवढ्यात कोंडाजींच्या मागून त्यांची थोरली बहीण पुढं आली. सोनुबाई. दिलेली पेणकडं, नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती सरळ जनीआत्यापाशी गेली आणि तिच्या डाव्या बाजूला बसून बोलायला लागली. आत्याला त्या कानानं ऐकू येत नाही. आत्या समोर बघत राहिली. मग सोनुबाई उठली, फिरून उजवीकडं बसली.

"तू जनी ना गं?"

"व्हय."

"ह्ये काय वाचतायत? बुधाजीनं कुठं काढलं पाणी? माजा पोहरा पडला व्हता. तू दोर सोडून काढून दिलास. वल्या पोहऱ्यातलं प्यालीस वंजळभर."

कोंडाजी म्हणाले, "आक्का, गप ऱ्हा."

"का गप ऱ्हाऊ? मीच घरी सांगितलं रं. जनीनं माजा पोहरा काढला म्हणून. मला वाटलं शाबासकी देतील तिला."

पुढचं सोनुबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं. विहीर बाटली असं ठरलं. पंच बसले. आपल्या वस्तीला त्यांनी दोन वाटा दिल्या. एक तर सगळ्यांनी गाव सोडायचं, पेरणी तोंडावर आली असताना. नाही तर बापानं पोरीला विहिरीपाशी, सगळ्यांसमोर मारायचं, आणि गाव पुरे म्हणेपर्यंत थांबायचं नाही. दोर विहिरीचाच होता, ओला. आजोबांनी मारलं. आत्याचा डावा कान त्यात गेला. आपल्याला सांगितलं होतं, लहानपणी गोवर आला होता.

सोनुबाई थांबली. मी घड्याळ बघितलं. पस्तीस मिनिटं झाली होती. मी नमुना काढला, क्लोरीन तपासायचे थेंब टाकले, पिवळा रंग हवा तेवढाच आला. पाणी पिण्याजोगं झालं होतं. मी तसं सांगितलं. कुणी पुढं आलं नाही. पाळकांनी सगळ्यांना गाडीत बसायला सांगितलं.

दोन दुरुस्त्या. मागच्या पत्रातली नववी नोंद खोटी आहे. सगळे गेल्यावर एक ग्लास मी प्यायले. आणि त्या दिवशी तिथून आणलेल्या नमुन्याच्या तीन बाटल्यांपैकी तिसऱ्या बाटलीवर मी वेळ लिहिलेली नाही. असं माझ्याकडून याआधी झालेलं नाही.

घरी आल्यावर दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना मी उजवीकडं बसले आणि विचारलं, "आत्या, किती मारलं?"

"मोजलं नाय गं. मोजता कुठं येत व्हतं तवा."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

"पदूला ठाव हाय."

मग तिनं सांगितलं. एकसष्ट साली स्मरणिका निघायची होती आणि तू वही घेऊन आजोबांपुढं बसला होतास. आजोबा भिंतीकडं तोंड करून म्हणाले, लिही, मीच पाणी काढलं, मलाच मारलं. तू लिहिलंस. ते बाहेर गेल्यावर आत्यानं तुला खरं सांगितलं. तू ते पान फाडायला निघालास. तिनंच तुझा हात धरला.

"मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. म्हातारा रोज रात्री त्या विहिरीवर जातो झोपेत. तुझ्या कागदात तरी त्याला मार खाऊ दे." हे तिचे शब्द. मी लगेच उतरून घेतले.

आजोबा सहासष्टला वारले. त्यानंतरही साक्ष तीच राहिली, कारण ती छापलेली होती.

चौऱ्याहत्तरच्या साक्षीच्या रविवारी तुला ती वाचायला उभं केलं. आत्या पहिल्या बाकावर होती. तू दोन ओळी वाचल्यास, स्मरणिका मिटलीस, आणि बाहेर गेलास. त्याच आठवड्यात भिलाईची नोकरी घेऊन निघून गेलास. मी तुला जे पत्र लिहिलं त्याची प्रत माझ्याकडे नाही, पण वाक्यं पाठ आहेत: "तुला आजोबांची लाज वाटते. तुला साहेब व्हायचं आहे आणि साहेबाला आजोबा नसतात." ही दोन्ही वाक्यं चूक होती. माझ्यापाशी पुरावा नव्हता आणि मी निष्कर्ष काढला. ती मी मागे घेते.

मंडळीतही मी हेच बोलले होते, चार जणांत. त्या चौघांना मी भेटून सांगितलं आहे.

जया

* * *

खोपोली
गुरुवार, ९ मार्च १९७८

पदूदादास सलाम.

तुझं कार्ड काल मिळालं. "आत्या बरी आहे का?" एवढीच ओळ आहे. सहीसुद्धा नाही, पण अक्षर तुझं आहे.

उत्तर: आत्या बरी आहे. वजन बेचाळीस किलो. रक्तदाब गेल्या महिन्यात ठीक होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकतो आहे, पावसाळ्यानंतर काढायचा म्हणतात. डाव्या कानाचं काही करता येणार नाही. डॉक्टरांना मी आता खरं कारण सांगून विचारलं. भूक आहे. यात्रेवरून आल्यापासून झोप लागते, आधीपेक्षा जास्त. तुझं कार्ड मी तिला वाचून दाखवलं. तिनं ते पुन्हा वाचायला सांगितलं. मी म्हटलं, एकच ओळ आहे. ती म्हणाली, "मंग एकच वाच."

आता मंडळीचं. रविवारी उपासनेनंतर वडीलमंडळाची बैठक झाली. दगडावर काय कोरायचं हा विषय. गजाभाऊ, तेच आपले, रेल्वेतून रिटायर झालेले, आधी उभे राहिले.

"आपल्या मंडळीत छाती काढून सांगावं असं एकच माणूस व्हतं, बुधाजी. तेपण काढून घेता?"

विमलबाई म्हणाल्या, "अगं जया, बापानं पोरीला मारलं, हे दगडावर कोरायचं? वाचणारा म्हणेल, हे तर आमच्याकडं रोज होतं. त्यात काय वाचायचं?"

कुणी तरी हसलं. विमलबाई हसल्या नाहीत. त्यांनी ते हसण्यासाठी म्हटलंही नव्हतं.

मी म्हटलं, गावानं मारायला लावलं हे त्यात असेल. गजाभाऊ म्हणाले, "लावलं म्हणून मारायचं? मी नसतं मारलं."

तेव्हा पाळक बोलले. एरवी ते शेवटी बोलतात. ते म्हणाले, "गजाभाऊ, तुमच्या मागं बावीस घरं उभी होती का? लेकरंबाळं, गुरं, तोंडावर आलेली पेरणी घेऊन? नव्हती ना. मग आपण बसून घेऊ."

गजाभाऊ बसले. निर्णय झाला नाही. पाळकांचं म्हणणं असं, की हे जिच्या बाबतीत घडलं तिनं ठरवावं. आत्या बैठकीला आली नव्हती.

मंगळवारी कोंडाजी खोपोलीला आले, घर विचारत. मी कामावरून येईपर्यंत ते पायरीवर बसून होते. आत बसा म्हटलं तर म्हणाले, दम लागतो, इथंच बरं. मग चहा मात्र आत येऊन घेतला. आत्यानं दिलेला. कप हातात घेऊन ते थोडा वेळ तसेच बसले. मग प्याले.

ते पंचांतल्या एकाचा मुलगा. त्या दिवशी सात वर्षांचे होते. त्यांनी पाहिलं आहे. म्हणाले, "आक्कानं सांगितलं त्यातलं काय बी खोटं नाय. फक्त माझ्या बापाचं नाव नका घालू. गावाचं घाला."

मी म्हटलं, "नावं घालायचीच नाहीत. एकच घालायचं आहे."

"मंग घाला. गावाला मी सांगतो. दोघंतिघं वरडतील. वरडू देत."

जाताना ते आत्याला म्हणाले, "जनीबाई, येतो." आत्यानं उत्तर दिलं नाही. ते डावीकडं उभे होते. ते तसेच गेले. तिला ऐकू आलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही.

म्हणजे गाव आता आडवं येत नाही. पाळक येत नाहीत. मंडळीतले निम्मे येतील, पण आत्या हो म्हणाली तर तेही गप्प बसतील.

मी आत्याला विचारलं. तिनं आधी विचारलं, "माझं नाव कसं लिवतात?" मी पाटीवर लिहून दाखवलं. तिनं बोट फिरवलं.

"दोनच अक्षरं?"

"दोनच."

"मंग पाथरवटाला सोपं हाय."

यावरून तिला काय हवं आहे ते मला कळलं. तुलाही कळेल. मी म्हटलं, मग सांगू का पाळकांना? ती म्हणाली, "पदूला विचार." मी कारण विचारलं. ती म्हणाली, "समदी म्हनतील, पदूनं खोटं लिवलं. पोरगं खोटं ठरंल. त्यानं माझ्यासाठी तोंड शिवलं, गाव सोडलं. तो हो म्हनंल तर माझं नाव घाल. नाय म्हनंल तर बाबाचं ऱ्हाऊ दे. मला कायपण चालंल."

"कायपण चालंल" हे खरं नाही. पण ते ती बदलणार नाही.

जया

* * *

खोपोली
शुक्रवार, १७ मार्च १९७८

पदूदादास सलाम.

तुझं कार्ड आलं नाही. मी वाट पाहणार होते, पण पाथरवटाची तारीख ठरली. कर्जतचे चांगो पाथरवट १ एप्रिलला काम हातात घेतात. त्यानंतर पावसाळ्यापर्यंत त्यांना वेळ नाही.

तुला माहीत असावं म्हणून दोन्ही मजकूर देते.

आजोबांचा, आधी ठरलेला: "या विहिरीचं पाणी काढल्याबद्दल बुधाजी यांना १९३१ साली मारलं गेलं. त्यांनी मान खाली घातली नाही."

दुसरा, मी लिहिलेला, पाळकांनी एक शब्द बदललेला: "१९३१ साली जनी, वय दहा, हिनं मैत्रिणीचा पडलेला पोहरा या विहिरीतून काढून दिला आणि पाणी प्यायलं. गावानं तिच्या वडिलांना तिला मारायला लावलं." मी "सोनुबाईचा" असं लिहिलं होतं. पाळक म्हणाले, "मैत्रिणीचा" लिहा. मी म्हटलं, त्या मैत्रिणी नव्हत्या, असूच शकत नव्हत्या. पाळक म्हणाले, सोनुबाईला विचारा. मी गावी जाऊन विचारलं. ती म्हणाली, "मग काय व्हतो आमी?" म्हणून तो शब्द राहिला.

तुझ्या नावाबद्दल. पाळक साक्षीच्या रविवारी उभं राहून सांगायला तयार आहेत, की एकसष्ट सालची साक्ष पंधरा वर्षांच्या मुलानं आजोबांच्या सांगण्यावरून लिहिली आणि आत्याच्या सांगण्यावरून तशीच ठेवली. त्यात खोटेपणा कुणाचा किती, याचं माप कुणाला घेता येणार नाही. मलाही नाही, आणि मी मापं घेण्याचंच काम करते. तरीही काही जण बोलतील. गजाभाऊ नक्की बोलतील. ते तुझ्या कानावर येईल, कारण त्यांचा भाचा भिलाईत आहे. हे मी लपवत नाही.

तिकडं तुझ्या घरच्यांना आपल्याबद्दल काय माहीत आहे हे मला ठाऊक नाही. तुझ्या बायकोला मी पाहिलेलं नाही. दगडावर आडनाव येणार नाही. तेवढी काळजी मी घेतली आहे.

माझं मत तू विचारलेलं नाहीस. तरी देते. आजोबांना मी ओळखत होते. ते मला खांद्यावर घेऊन साजगावच्या यात्रेला न्यायचे आणि वाटेत विहीर दिसली की पलीकडच्या बाजूनं चालायचे. मी ते धार्मिक कारण समजत होते. दगडावर त्यांचं नाव गेलं तर त्यांना आणखी एकदा त्या विहिरीवर उभं करू, आणि या वेळी ते तिथून हलू शकणार नाहीत. आत्याचं नाव गेलं तर ती तिथं जाऊन ते बोटानं वाचेल. दुसरं तिला काही वाचता येत नाही.

मी तिला सांगितलं, की पदू नाही म्हणाला तरी तुझ्यावर रागावून नाही म्हणणार नाही. ती म्हणाली, "त्यो नाय म्हनला तरी त्याला ये म्हनून लिव." म्हणून लिहिते: ये. ही विनंती तिची आहे. मी वेगळी करत नाही, कारण तीच पुरेशी आहे.

माझ्या चौऱ्याहत्तरच्या पत्राचा विचार यात घेऊ नकोस. त्याबद्दल तू मला माफ केलंस किंवा नाही केलंस, यावर आत्याचं नाव अवलंबून असू नये.

सोबत पत्ता लिहिलेलं कार्ड घातलं आहे. त्यावर "हो" किंवा "नाही" एवढंच लिहिलंस तरी चालेल. भिलाईहून टपालाला चार ते पाच दिवस लागतात, हे मागच्या कार्डाच्या शिक्क्यांवरून दिसतं. उत्तर गुरुवार ३० मार्चपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव. त्या दिवसापर्यंत आलं नाही, तर आत्यानं सांगितल्याप्रमाणे मी दगडावर आजोबांचं नाव घालीन.

कृपा करून ३० तारखेच्या आत कळव.

जया